चौबळकाकांचा आवक विभाग

"नमस्कार. आपको जो कॉल आई, वह यहाँ से नहीं की गई. फिर भी बोलिए."

आमच्या समोरच्या फ्लॅटमधले चौबळकाका फोन उचलून 'हॅलो' म्हणत नाहीत, हे म्हणतात. मग कान आणि खांदा यांच्यामध्ये फोन धरून लांबलचक रजिस्टर उघडतात आणि पलीकडचा माणूस ज्या काही शिव्या देईल त्या ऐकून घेतात. मध्ये बोलत नाहीत, सुस्कारा सोडत नाहीत. माणूस दमला की म्हणतात, "आपका रोष दर्ज कर लिया गया है. डायरी नंबर चार सौ बारह. नोट करना चाहेंगे?" बहुतेक जण नोट करत नाहीत. इंदूरच्या एका गृहस्थांनी मात्र केला होता आणि महिन्याभराने त्याच नंबरचा हवाला देऊन पुन्हा शिव्या दिल्या होत्या. काका त्या दिवशी फार खुशीत होते. "याला म्हणतात पत्रव्यवहार," म्हणाले.

मी पुण्याची. नोकरीसाठी नोएडाला येऊन सहा वर्षं झाली. समोर मराठी माणूस राहतो हे कळल्यावर आईला केवढा आनंद झाला! मला मुळीच झाला नाही. परगावी मराठी शेजार म्हणजे 'लग्न कधी करणार' हा प्रश्न हिंदीऐवजी मराठीत ऐकायचा, एवढाच फरक. पण चौबळकाकांनी मला तो आजतागायत विचारलेला नाही. त्यांनी स्वतःही केलेलं नाही. चोविसाव्या वर्षी दिल्लीला आले, एका मंत्रालयाच्या आवक-जावक विभागात चिकटले आणि छत्तीस वर्षांनी तिथूनच निवृत्त झाले. तोवर सरोजिनी नगरचं सरकारी क्वार्टर, त्यानंतर हा एका खोलीचा फ्लॅट. गेटवरचा गार्ड त्यांना 'चौबेजी' म्हणतो. त्यांनी तो बदल कधीच मंजूर करून टाकला आहे.

मला ते आडनावाने हाक मारतात. "साठे, बसा." "साठे, नोंद घ्या, दूधवाला उद्या येणार नाही." मी त्यांच्या निम्म्या वयाची, म्हटलं, "काका, मला अगंतुगं करा हो." त्यांनी विचार करून सांगितलं, "तसा प्रघात नाही."

फोनचं हे प्रकरण गेल्या दिवाळीनंतर सुरू झालं. त्याआधी त्यांचा फोन महिन्यातून दोनदा वाजायचा. एकदा गॅसवाल्याचा आणि एकदा मशीनचा. मशीनचा म्हणजे तो रेकॉर्ड केलेला बाईचा आवाज, 'बधाई हो, आपका लोन मंज़ूर हो गया है.' काका तिलाही "एक मिनिट हं, चष्मा घेतो" म्हणायचे. ते मशीन आहे, ते थांबत नाही, हे मी त्यांना सांगितलं. "असेल," म्हणाले, "पण आवाज कुणाचा तरी असणारच ना?"

आणि मग एका सकाळी कानपूरहून एका माणसाने फोन करून त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. दुपारपर्यंत आणखी अकरा जणांनी केला. काका पांढरेफटक होऊन माझ्या दारात उभे राहिले. "साठे, हे सगळे म्हणतात, मी त्यांना फोन केला होता. मी तर कुणालाच फोन करत नाही."

मी त्यांना बसवून समजावलं. समोरच्याच्या स्क्रीनवर दिसणारा नंबर हा फॉर्ममधल्या एका रकान्यासारखा असतो. परदेशातून, इंटरनेटवरून कॉल करणारे चोर त्या रकान्यात हवा तो नंबर भरतात. कुणीतरी तुमचा भरला आहे.

"म्हणजे दुसऱ्याच्या लेटरहेडवर जावक?"

"हो."

"आणि उत्तरं आमच्या पत्त्यावर?"

"हो, काका."

"शिक्का तपासणारा कुणीच नाही?"

"आहेत. पुरे पडत नाहीत."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "तुम्हाला हे इतकं बारीकसारीक कसं ठाऊक?"

इथे मला खरं सांगावं लागलं. माझी कंपनी मशीनचेच कॉल बनवते, त्यांचे मजकूर मी लिहिते. बिल भरा, मत द्या, एक्सप्रेसवेलगत फ्लॅट घ्या. आम्ही रकाना खरा भरतो, पण रकाना तोच. दिवसाला किती लोकांना जेवता-जेवता उठवतो, ते मी मोजत नाही. काकांनी शांतपणे विचारलं, "मग तुमच्यावरचा रोष नोंदवायचा कुठे?" मी हसले. ते हसत नव्हते. त्यांनी रजिस्टरवर पट्टीने रेघा ओढायला घेतल्या होत्या.

त्या रजिस्टरात पाच रकाने आहेत: क्रमांक, गाव, काय गेलं, रोष आणि शेरा. रोषाच्या रकान्यात 'सौम्य', 'मध्यम', 'मातृपक्ष', 'भगिनीपक्ष' असं वर्गीकरण आहे. शेरा सगळीकडे एकच, 'सदर प्रकरण या कार्यालयाशी संबंधित नाही.' काकांनी सरकारी पोर्टलवर तक्रारही केली. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं, की आपली तक्रार समाधानकारकरीत्या निकाली काढण्यात आली आहे. त्या संध्याकाळी सदतीस फोन आले. काकांना राग आला नाही, उलट मसुद्याचं कौतुक वाटलं. "वाक्य निर्दोष आहे," म्हणाले.

"नंबर बदला," मी म्हटलं. निदान वीस वेळा म्हटलं असेल. मी स्वभावाने तापट आहे. चांगल्या गोष्टीही ओरडूनच सांगते.

"कार्यालय हललं म्हणून टपाल थांबत नाही, साठे. ते बंद दारावर येऊन पडतं."

मला वाटायचं, म्हाताऱ्याला हे आवडतंय. घर गजबजलंय, रजिस्टर आहे, काम आहे. एकटा माणूस शिव्यांनाही सोबत मानतो, हे मी माझ्यावरून सांगू शकते.

पण हळूहळू त्याची दुसरी बाजू दिसायला लागली. लोकांनी तक्रारी केल्यामुळे काकांचा नंबर सगळ्यांच्या मोबाइलवर लाल रंगात 'फ्रॉड' म्हणून दिसू लागला. प्लंबर उचलेना. दवाखान्यातली रिसेप्शनिस्ट उचलेना. महाराष्ट्र मंडळाची बस दर जानेवारीत पानिपतला मराठ्यांच्या काला अंब स्मारकावर जाते. काका सव्वीस वर्षं त्या बसमध्ये पहिल्या सीटवर बसत आले होते. यंदा सेक्रेटरींनी त्यांचा फोन घेतलाच नाही आणि बस त्यांच्याशिवाय गेली. मी सेक्रेटरींवर तोंड टाकलं, तर ते म्हणाले, "अहो, लाल दिसतं यार स्क्रीनवर, भीती वाटते." काका एवढंच म्हणाले, "आवक प्रचंड, जावक शून्य." त्यानंतर दोन दिवस ते खाली उतरले नाहीत. बाहेर धुरकं इतकं होतं की उतरण्यासारखं काही नव्हतंही.

त्याच सुमारास मला बिमलादेवींबद्दल कळलं.

बिमलादेवी पानिपतच्या पुढे एका गावात राहतात. त्या रोज सकाळी अकराच्या सुमारास फोन करायच्या. बाकीचे एकदा शिव्या देऊन मोकळे व्हायचे, या बाई रोज. काकांच्या रजिस्टरात त्यांच्यासाठी वेगळं पान होतं. एका रविवारी गॅलरीत बसून काकांनी मला सगळं सांगितलं, कागद वाचून दाखवावा तसं.

बाईंना आधी मशीनचा फोन आला, काकांच्या नंबराचा मुखवटा लावून. तुमचं सिम दोन तासांत बंद होणार, नऊ दाबा. त्यांनी दाबलं. मग व्हिडिओवर वर्दी घातलेला एक माणूस आला. तुमच्या नावावर गुन्हा आहे, तुम्हाला घरातच अटक झाली आहे, फोनसमोरून हलायचं नाही, कुणाशी बोलायचं नाही, हललात तर नवऱ्यालाही उचलू. आतल्या खोलीत नवरा दम्याने झोपून होता. त्याने आधी नावाने हाक मारली. नंतर आवाज फुटेना, तेव्हा तो खाटेच्या कठड्यावर वाटी आपटत राहिला. बाई फोनसमोर बसून राहिल्या. पूर्ण दिवस, रात्र आणि पुन्हा दुपारपर्यंत. दुपारी पुतण्या आला तेव्हा वाटी खाली पडलेली होती. तिसऱ्या दिवशी नवरा दवाखान्यात वारला.

"खातंही रिकामं झालं," काका म्हणाले, "पण त्याबद्दल त्या एकदाही बोललेल्या नाहीत. 'काय गेलं' या रकान्यात काय लिहू, मला कळेना. कोराच ठेवलाय."

'नऊ दाबा' हे वाक्य मी स्वतः किती जणांसाठी लिहिलं असेल!

"गावात सगळे एकच विचारतात, साठे. हाक ऐकू येत होती ना, मग उठली का नाहीस? त्या मला विचारतात, 'मन्ने उठने क्यों ना दिया?' मला उठू का दिलं नाहीत? मी सांगतो, फोन इथून गेलेला नाही. त्या ऐकून घेतात. दुसऱ्या दिवशी परत विचारतात."

"तुम्ही नंबर बदला, काका."

"आमच्याकडे एक नियम होता. आलेला कागद परत करायचा नाही. आपला नसेल तर शेरा मारायचा आणि ज्याचा आहे त्याच्याकडे पाठवायचा. पण कधीकधी असा कागद येतो की तो कुणाचाच नसतो. दहा टेबलं फिरून येतो. मग तो कुणाचा?"

"कुणाचा?"

"ज्याने घेतला त्याचा."

"हा कागद आहे का, काका?"

"कागद असता तर केव्हाच फडताळात टाकला असता," ते म्हणाले आणि उठून आत गेले.

फेब्रुवारीत एक दिवस मी ऑफिसला निघाले होते, लिफ्टपाशी काका भेटले. साखर संपल्याचं सांगावं तितक्या सहज त्यांनी सांगितलं, "साठे, त्या प्रकरणावर शेरा मारला, तीन दिवस झाले."

"काय मारला?"

"सांगून टाकलं, हमने किया. आपको उठने हमने नहीं दिया. आपकी कोई ग़लती नहीं थी."

लिफ्ट आली आणि गेली. मी जिन्यातच ओरडायला लागले. तुम्हाला वेड लागलंय का, लोक कॉल रेकॉर्ड करतात, हा कबुलीजबाब होतो, छत्तीस वर्षं सांभाळलेलं नाव तुम्ही एका वाक्यात मातीत घातलंत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. रोष बहुधा मध्यम धरला असावा.

"त्या काय म्हणाल्या?" मी शेवटी विचारलं.

"आधी रडल्या. मग म्हणाल्या, अच्छा. आणि फोन ठेवला. त्यानंतर तीन दिवस त्यांचा फोन नाही."

चौथ्या दिवशी फोन आला तो पानिपतच्या पोलीस ठाण्याचा, चौकशीला या म्हणून. पुतण्याने ते रेकॉर्डिंग नेऊन दिलं होतं.

मी रजा टाकली आणि टॅक्सी केली. काकांनी इस्त्रीचा बंद गळ्याचा कोट घातला होता आणि मांडीवर प्लास्टिकची फाइल होती. त्यात त्यांचं सेवापुस्तक, 'सचोटी निर्विवाद' असा वरिष्ठांचा शेरा आणि चष्म्याचं बिल. ते का, हे विचारायचं धैर्य मला झालं नाही. सोनीपत मागे पडलं तेव्हा ते म्हणाले, "आपल्या लोकांचं पानिपत व्हायचं ते निदान जागेवर तरी होतंय. प्रवासात सुसंगती आहे." मी हसले नाही, म्हणून त्यांनीही तोंड फिरवलं. थोड्या वेळाने अगदी हळू आवाजात त्यांनी विचारलं, "पेन्शन थांबवतील का हो?" या माणसाला इतका घाबरलेला मी पहिल्यांदाच पाहत होते, आणि त्याच्यावर ओरडल्याची मला लाज वाटली.

इन्स्पेक्टर चांगला निघाला. थकलेला होता, पण चांगला. त्याने चहा मागवला आणि म्हणाला, "अंकलजी, रिपोर्ट आ चुकी है. कॉल बाहर के मुल्क से थी. आपका नंबर बस लगाया हुआ था. आप पर कुछ नहीं बनता. लेकिन इस रिकॉर्डिंग का मैं क्या करूँ? लिखकर दे दीजिए कि झूठ बोला था, और घर जाइए."

त्याने कागद पुढे सरकवला. मी हुश्श केलं. काकांनी पेनचं टोपण काढलं, तारीख घातली, विषय लिहिला, त्याखाली रेघ मारली. आणि थांबले.

"लिहा ना, काका."

"हे लिहिलं की तो कागद परत त्या बाईंकडे जातो, साठे." ते मराठीतच बोलले, इन्स्पेक्टरला कळू नये म्हणून. "करणारा सापडला म्हणून तीन दिवस त्या झोपल्या असतील. आता मी लिहून देऊ की करणारा कुणी नाहीच? मग उरतं कोण? हाक ऐकून न उठलेल्या त्या."

"आणि नाही लिहिलंत तर तुम्ही अडकता!"

"ते कळतंय मला."

छत्तीस वर्षं रोज शेरे लिहिलेला तो माणूस एका ओळीपाशी अडून बसला होता. इन्स्पेक्टर वैतागला. "अम्मा बाहर बैठी हैं, उन्हीं से पूछ लेते हैं," म्हणाला आणि त्याने हाक मारली.

डोक्यावरून ओढणी घेतलेल्या, लहानखुऱ्या बिमलादेवी आत आल्या. मागे पुतण्या होता, तावातावाने आलेला. इन्स्पेक्टरने काकांना काहीतरी बोलायला सांगितलं. काका उठून उभे राहिले आणि हात जोडून म्हणाले, "नमस्कार."

"अम्मा, यही आवाज़ थी? जिसने आपको उठने नहीं दिया?"

"ना जी," बाई म्हणाल्या. "वो आवाज़ और थी."

पुतण्या उसळला. तिकडे थोरल्या काकूला 'ताई' म्हणतात. "ताई, तू रोज़ इसी को तो फ़ोन करती थी!"

"मन्ने पहले दिन से पता था, ये वो ना है."

"तो फिर करती क्यों थी?"

बाईंनी पुतण्याकडे पाहिलं. आवाज चढवला नाही. "और किसे करूँ? जिसने किया, वो उठाता नहीं. तुझे करूँ तो तू कहवै, ताई, काम पे हूँ. ये उठा लेता है. पूरा सुनता है."

काका अजून उभेच होते. बाई त्यांच्यापाशी आल्या आणि त्यांनी विचारलं, "आपने कहा था, मेरी ग़लती ना थी. वो भी झूठ बोला था?"

"नहीं," काका म्हणाले. "वह नहीं."

ते खाली बसले आणि त्यांनी एका दमात कागद लिहून काढला. इन्स्पेक्टरने वाचला, मान हलवली, शिक्का मारला. बाई म्हणाल्या, मला वाचता येत नाही, काय लिहिलंय? काकांनी कागद डोळ्यांजवळ धरून वाचलं, "मैंने कहा कि यह मैंने किया, यह असत्य है. मैंने कहा कि श्रीमती बिमलादेवी की कोई ग़लती नहीं थी, यह सत्य है. प्रमाणित किया जाता है."

"फिर से पढ़ो," बाई म्हणाल्या. त्यांनी पुन्हा वाचलं.

"एक बार और."

काकांनी चष्मा काढून पुसला, परत लावला आणि तिसऱ्यांदा वाचलं. पहिलं वाक्य त्यांनी या वेळी गाळलं.